घागरीचा पोचा

यंदाच्या स्नेहसंमेलनात सभागृहाच्या दाराशी जे 'खेडे' उभारले होते ते आपणा सर्वांच्या स्मरणात असेलच. बैलगाडीचे एक चाक, कडब्याच्या चार पेंढ्या, कंदील, जाते, उखळ, सूप आणि या सगळ्यांच्या मधोमध एकावर एक रचलेल्या पितळी घागरी. त्यांच्यापुढे उभे राहून ज्याने छायाचित्र काढून घेतले नाही असा विद्यार्थी विरळा. काही प्राध्यापक महाशयांनाही तो मोह आवरला नव्हता, हे मी पाहिले आहे.

त्यांतली सर्वांत खालची घागर आमची होती. सजावट समितीने "ज्यांच्या घरी जुन्या वस्तू आहेत त्यांनी आणाव्यात" असे सांगितल्यावर मी लातूरला जाऊन ती आणली. अहमदपूर, लोहा करीत नांदेडपर्यंत एस.टी.त मांडीवर घेऊन बसले होते. कॉलेजात शिकायला आलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच मुलगी. आमच्या घरातले काही कॉलेजला हवेसे वाटले, हाही प्रसंग पहिलाच. त्यामुळे त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

आमच्या या घागरीला एका अंगाने चांगला तळहाताएवढा पोचा आहे. तो पडला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे. माझे आजोळ औसा तालुक्यातले, किल्लारीच्या बाजूचे. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरची मणामणाची माळवदे निजलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. माय तेव्हा दहा वर्षांची होती. घर उकरताना जे थोडेफार निघाले त्यात ही घागर होती. पोचा पडलेली, पण न फुटलेली. पुढे पुनर्वसनाच्या गावात, नव्या घरात, तिच्यातच पाणी भरले. मायच्या लग्नात आजीने दुसरे काही देण्याजोगे नव्हते म्हणून हीच घागर दिली. पोचा काढून आणू असे एकदा अण्णा म्हणाले होते. मायने काढू दिला नाही.

सजावट समितीने घागर पितांबरीने लखलखीत घासली आणि पोचा भिंतीकडे केला. दिसायला बरे दिसावे म्हणून. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. मीही तेथेच उभी होते आणि मी काही बोलले नाही, हे कबूल केले पाहिजे. उलट पोचा दिसत नाही याचे मला मनातून बरेच वाटले. रात्री मायला मोबाईलवर फोटो पाठवला. तिने तो मोठा करून करून पाहिला असावा, कारण थोड्या वेळाने तिचा फोन आला. "ही आपली न्हाई गं बाई. आपल्या घागरीला पोचा हाय."

हे वाक्य डोक्यातून जाईना. त्यानंतर ग्रंथालयात आणि मोबाईलवर मी जे मिळेल ते वाचू लागले. रोजच्या वापरातली भांडीकुंडी, दोऱ्या, पिंपे, गोवऱ्या घेऊन त्यांतून शिल्पे करणारे चित्रकार आज आपल्या देशात आहेत, त्या प्रकाराला मराठीत 'मांडणशिल्प' असा नेमका शब्दही आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आधीच सांगते, यांपैकी एकही कलाकृती मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. त्या नांदेडला येत नाहीत, लातूरला तर नाहीच. छायाचित्रांवरून आणि वाचनावरून बोलते आहे. जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

याची सुरुवात सांगताना सगळे लोक मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताचे नाव घेतात. त्याने १९१७ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे बाजारात मिळणारे मुतारीचे भांडे सही करून पाठवले, आणि कला कशाला म्हणावे याचा वाद सुरू झाला. असेल. मला त्या भांड्यात फारसे स्वारस्य वाटले नाही. त्या भांड्याला गाव नाही. ते पॅरिसचे असते किंवा मुंबईचे असते तरी वाद तोच झाला असता. आपल्याकडच्या कलावंतांनी वस्तू उचलली ती मात्र गावासकट उचलली, असे मला वाटते.

सुबोध गुप्ता यांचेच पाहा. ते १९६४ साली बिहारात पाटण्याजवळच्या खगौल येथे जन्मले. १९९७ साली त्यांनी गोवऱ्या एकावर एक रचून माणूस आत जाईल एवढी गोल खोली उभारली आणि तिला 'माय मदर अँड मी' असे नाव दिले. पुढे ते ओळखले जाऊ लागले ते स्टीलच्या भांड्यांमुळे. ताटे, वाट्या, डबे, बादल्या जोडून त्यांनी २००६ साली एक अजस्र मानवी कवटी केली. तिचे नाव 'व्हेरी हंग्री गॉड'. पुढच्या वर्षी ती इटलीत व्हेनिसच्या मोठ्या कालव्याच्या काठी ठेवण्यात आली होती.

ते छायाचित्र पाहून मला आधी आठवला तो आपल्या नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबचा लंगर. तेथे भांडी घासण्याच्या जागी ताटांचा जो ढीग पडतो आणि जो खणखणाट चालतो तो आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. ताट तेच, स्टील तेच. पण लंगरात ते कोण घासते? मोटारीतून आलेला घासतो आणि पायी आलेलाही घासतो. कुणी कुणाची जात विचारत नाही. तेच ताट लातूरच्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या मागल्या अंगणात पाहा. तेथे ते घासणारीचे घराणे ठरलेले असते आणि तिला जेवण मिळते ते सर्वांत शेवटी. वस्तू एकटी काही बोलत नाही. ती कुठे आहे आणि कुणाच्या हातात आहे हे कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

म्हणूनच गुप्तांच्या चकचकीत भांड्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. (बी.ए. द्वितीय वर्षाच्या मुलीने जगप्रसिद्ध कलावंताबद्दल तक्रार करावी हे धाडसच, पण वार्षिकांकात एवढी मोकळीक असावी.) त्या कवटीची ताटे कोरी दिसतात. त्यांच्यावर कुणाचे नाव घातलेले नाही. आपल्याकडे ताटावर नाव घातलेले असते, कुणाच्या लग्नात कुणी दिले ते लिहिलेले असते, तारीख असते. कोऱ्या ताटांचा डोंगर पाहून डोळे दिपतात. हे ताट कुणाचे, असे मात्र विचारावेसे वाटत नाही. गुप्तांना स्वतःलाही असेच काही वाटले असेल काय? कारण पुढे २०११ ते २०१३ या काळात त्यांनी केलेल्या 'धिस इज नॉट अ फाउंटन' या रचनेत जुनी, वापरलेली, चेंबलेली भांडी आहेत. भांड्यांचा भला मोठा ढीग, त्यातून वर आलेले नळ, आणि त्या नळांतून भांड्यांवर पडणारे पाणी. ही रचना मला फार आवडली. मात्र लातूरच्या मुलीला ती पाहताना पहिली इच्छा होते ती उठून नळ बंद करण्याची!

गुप्तांपेक्षा मला अधिक जवळच्या वाटल्या त्या कर्नाटकाच्या शीला गौडा. रस्त्याचे काम करणारी बिऱ्हाडे डांबराची रिकामी पिंपे कापून, पत्रा सपाट करून त्याची झोपडी करतात, हे आपण लातूर-नांदेड रस्त्यावर कितीदा पाहिले आहे. पाहिले म्हणजे खिडकीतून पाहिले आणि पुढे गेलो. गौडांनी २००६ साली त्याच पिंपांची आणि पत्र्याची एक खोली उभारली आणि तिचे नाव 'डार्करूम' ठेवले. आत जायचे तर वाकून जावे लागते. वरच्या पत्र्याला बारीक भोके आहेत, आत अंधार झाला की ती आभाळातल्या चांदण्यांसारखी दिसतात. झोपडीची नुसती कीव करणाऱ्याला ही गोष्ट सुचली नसती. त्या पत्र्याखाली निजणाऱ्यालाही वर पाहायला काहीतरी असते, हे ज्याला कळले त्यालाच ती सुचणार.

आपल्या महाराष्ट्रातलेही काही सांगण्यासारखे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या खाणीच्या गावचे प्रभाकर पाचपुते यांच्या घरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या खाणीत राबली. ते चित्रे काढतात तीही कोळशानेच, पुष्कळदा सरळ भिंतीवर. कोळसा येथे रंग आहे, विषय आहे आणि घरचा इतिहासही आहे. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी दलित साहित्यात जेथे जेथे खाण्याचे उल्लेख आहेत ते वेचून त्यांच्या पाककृती लिहिल्या. पाककृतीची पुस्तके आपल्याकडे ढिगाने आहेत. पण शिळ्या भाकरीची, मागून आणलेल्या अन्नाची कृती कोणत्या रुचिरेत सापडते? मुंबईच्या रुमाना हुसेन (त्या १९९९ साली वारल्या) यांनी डिसेंबर १९९२ नंतर मातीची मडकी मधोमध कापून आरशावर मांडली. आपल्याकडे मडके फुटते ते स्मशानात. आणखी काही समजावून सांगण्याची गरज मराठी माणसाला पडू नये.

खरे पाहता मराठी वाचकाला हे सगळे अगदीच नवखे वाटण्याचे कारण नाही. भाकरी, चिंधी, हंडा, पाणवठा यांची साक्ष काढून समाजाला प्रश्न विचारण्याची सवय दलित आत्मकथनांनी आपल्याला केव्हाच लावली. आमच्या लातूर जिल्ह्यातल्याच लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकात आपण हे मान्य केले. सजावटीत आणि प्रदर्शनात मात्र आपल्याला अजून घासलेले, उजळलेले खेडेच हवे असते.

येथे कुणी म्हणेल, मग जुन्या वस्तू जपूच नयेत की काय? तसे नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल पुण्याला गेली तेव्हा राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. दिनकर केळकर या कवीने, 'अज्ञातवासी' या नावाने ते लिहीत, आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, भांडी गोळा केली आणि लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने ते संग्रहालय केले. सुमारे वीस हजार वस्तू! एका माणसाच्या हातून एवढे काम व्हावे याचे नवल वाटते. पाय घासायच्या वज्रीवर सुद्धा मोर आणि हत्ती कोरणारा तो कारागीर कोण असेल, या विचाराने मी बराच वेळ त्या कपाटापाशी उभी होते. पण संग्रहालयात वस्तू विसाव्याला आलेली असते. तिचे काम संपलेले असते. मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते कलावंत वस्तूला विसावा घेऊ देत नाहीत. आणि ते फक्त सुंदर वस्तूच निवडत नाहीत.

यावरून मला दुसऱ्या घागरीकडे वळायचे आहे. सजावटीच्या वेळी ही दुसरी घागरही आणू का, असे मी विचारले होते. "प्लॅस्टिकची? छे! तिला ट्रॅडिशनल लूक नाही," असे उत्तर मिळाले.

ही घागर निळी आहे, पंधरा लिटरची, २०१६ सालच्या उन्हाळ्यातली. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागला, कारण पाण्यावरून डोकी फुटण्याची भीती होती. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याला धुऊन आणलेल्या होत्या. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. वर्तमानपत्रांत रेल्वेची छायाचित्रे आली. आमच्या गल्लीतल्या रांगेचे कुणी काढले नाही.

मी दहा वर्षांची होते. शाळा सुटली की माझे काम एकच, रांगेत घागरी सांभाळणे. टँकर कधी येईल याचा नेम नसे. माणसे किती उभी राहणार? म्हणून घागरीच उभ्या असत. निळ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या, पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. घागर नसेल तर डबा, डबा नसेल तर दगड, दगडाखाली चिठ्ठी. एका म्हातारीने आपली चप्पल ठेवली होती आणि त्या चपलेचा नंबर सगळी गल्ली मानत होती. प्रत्येक घागरीवर ऑईलपेंटने नाव किंवा खूण असे. आमच्या घागरीवर मायने स्वस्तिक काढले, तर शेजारच्या दोघींचेही स्वस्तिकच निघाले. मग अण्णांनी खाली त्यांच्या हमालीचा बिल्ला नंबर घातला. अण्णा मार्केट यार्डात हमाल आहेत. रांगेत ओढाताण झाली तेव्हा त्या घागरीला चीर गेली. मायने उलथणे चुलीत तापवून ती चीर डागून बुजवली. तो काळा व्रण आजही घागरीवर आहे.

या घागरीचा घाट कुणी नीट पाहिला आहे काय? मोठे पोट, आवळलेला गळा, वर पसरट काठ. यंत्राच्या साच्यातून निघालेली ही वस्तू हुबेहूब पितळी घागरीच्या घाटाची आहे. साचा करणाऱ्याला चौकोनी डबा करणे काही अवघड नव्हते. पण चौकोनी डबा बाईच्या कमरेवर बसत नाही आणि डोक्यावरच्या चुंबळीवर ठरत नाही. म्हणजे धातू गेला, तांबट गेला, कल्हईवाला गेला, पण पाणी वाहणारी बाई होती तेथेच राहिली आणि घाटही तिच्याबरोबर राहिला. आपल्या संस्कृतीविषयी एवढे खरे बोलणारी वस्तू 'ट्रॅडिशनल' नाही असे म्हणायचे, आणि बैलगाडी चालवणाराच उरला नाही तिचे चाक मात्र दारात टेकवायचे, हे मला पटत नाही.

आता एक आक्षेप राहतो आणि तो आमच्या घरातूनच आला. सुट्टीत घरी मी अण्णांना त्या स्टीलच्या कवटीचे चित्र दाखवले आणि अशा वस्तूंना मोठमोठ्या किमती येतात असे सांगितले. अण्णांनी खुंटीवरचा पोती उचलायचा हूक दाखवला आणि म्हणाले, "मग ह्येला बी कोन लाख रुपये दील का? बावीस वर्षं झाली हातात हाय." मी हसले, पण माझ्यापाशी उत्तर नव्हते. हूक अण्णांच्या हातात असेपर्यंत त्याचे मोल भंगाराएवढे. कुणा कलावंताने तो दिल्लीच्या पांढऱ्या भिंतीला टांगला की तो लाखाचा. यातले अण्णांच्या वाट्याला काय येते? हा प्रश्न खोटा नाही आणि मोठमोठ्या नावांपुढे दबून तो टाळू नये. माझ्यापुरते मला एवढेच वाटते की हूक टांगणाऱ्याला निदान त्याच्या मुठीपाशी गुळगुळीत झालेली जागा दिसली पाहिजे. ती घासून, रंग देऊन, नवा करून जो टांगील तो कलावंत असो की आमची सजावट समिती असो, दोघांचा अपराध सारखाच.

असो. समितीतल्या मित्रमैत्रिणींनी राग मानू नये. त्यांत मीही होते. पुढच्या संमेलनासाठी मी एक अर्ज लिहून ठेवला आहे. त्यात बैलगाडीचे चाक नाही. दारापासून रंगमंचापर्यंत रांगेने घागरी मांडाव्यात, प्लॅस्टिकच्याच, ज्याच्या त्याच्या घरच्या, न धुता. मधे मधे दगड, डबे आणि एक चप्पल. प्रत्येकीवर जे नाव असेल ते तसेच राहू द्यावे. रांगेच्या तोंडाशी आमची पितळी घागर, पोचा लोकांकडे करून. आपल्या महाविद्यालयात लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीची मुले आहेत, एवढ्या घागरी एका दिवसात जमतील.

मायला विचारले. ती म्हणाली, "पितळंची न्ये. निळी मातर नळाच्या आदल्या दिशी माघारी आणून दे."

— बी.ए. द्वितीय वर्ष